अमेरिकेतल्या दिवाणी कोर्टांची दुरुस्ती : कोर्टात न पोचलेल्या प्रतिवादीपासून

प्रश्न : अमेरिकेत तेरा लाखांच्या आसपास वकील आहेत, तरी दिवाणी दाव्यात सामान्य माणूस वकिलाविना उभा राहतो. असं का? सनद नसलेल्यांना मर्यादित वकिली करू देण्याचे आणि लॉ फर्ममध्ये बाहेरच्यांना मालकी देण्याचे प्रयोग तिथल्या काही राज्यांत झाले. त्यातून काय निष्पन्न झालं? आणि न्यू जर्सीतल्या नातेवाइकाला क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं समन्स आलं तर त्याने काय करावं?

उत्तर :

काही गोष्टी नक्की सुधारल्या आहेत. पण ज्या प्रयोगांची बातम्यांत चर्चा झाली त्यांच्यापेक्षा कोर्टाच्या कारकुनी नियमांतल्या साध्या बदलांचा सामान्य माणसाला जास्त उपयोग झाला, असं माझं मत आहे. आपल्याकडे दिवाणी कोर्ट म्हटलं की वर्षानुवर्षं लांबणाऱ्या तारखा डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतलं दुखणं बरोबर उलटं आहे. तिथे दावे झटपट निकाली निघतात, कारण प्रतिवादी येतच नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. म्हणून कोणतीही सुधारणा मोजताना पहिला प्रश्न हा विचारावा, की जो माणूस कोर्टात आलाच नाही त्याच्यापर्यंत ती पोचते का?

आधी आकडे बघू. नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स या संस्थेने २०१५ मध्ये दहा मोठ्या शहरी काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सव्वानऊ लाख दिवाणी दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१२-१३ च्या एका वर्षात निकाली निघालेले हे दावे. त्यांतले ६४ टक्के कराराचे, म्हणजे मुख्यतः कर्जवसुलीचे आणि घरमालक-भाडेकरूंचे. अपघात, डॉक्टरांचा हलगर्जीपणा, सदोष माल वगैरे नुकसानभरपाईचे दावे फक्त ७ टक्के. ७६ टक्के दाव्यांत निदान एका बाजूला वकील नव्हता, आणि ती बाजू बहुतेक वेळा प्रतिवादीची. रकमेचे जे हुकूमनामे झाले त्यांतले तीन चतुर्थांश ५,२०० डॉलरच्या आतले. प्रत्यक्ष साक्षीपुरावा होऊन निकाल लागला असे दावे जेमतेम ४ टक्के.

५,२०० डॉलरचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं गणित त्यावर अडतं. तासाला दोनशे-तीनशे डॉलर घेणारा वकील पंधरा-वीस तासांत तेवढ्याच रकमेचं बिल करतो. त्यात अमेरिकेचा नियम असा की जिंकलेल्या पक्षालाही वकिलाचा खर्च साधारणपणे हरलेल्याकडून मिळत नाही. ज्याचा त्याने भरायचा. ‘जिंकलो तर एक तृतीयांश घेईन’ या बोलीवर वकील मिळतो, पण तो ज्याला भरपाई मिळणार आहे अशा वादीला. ज्याच्याकडून पैसे मागितले जात आहेत त्याच्या विजयातून वकिलाला देण्यासारखं काही निघत नाही. म्हणजे वकिलांची संख्या दुप्पट झाली तरी हे गणित तसंच राहतं.

सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही इथे नाही. १९६३ च्या गिडियन निकालाने गंभीर फौजदारी खटल्यात आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. दिवाणी बाजूला मात्र १९८१ मध्ये, आईचा मुलावरचा पालकत्वाचा हक्क कायमचा काढून घेण्याच्या प्रकरणातही, सर्वोच्च न्यायालयाने सरसकट असा हक्क मानला नाही. १९७४ मध्ये लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन स्थापन झालं. ते केंद्राचा पैसा स्थानिक विधी-सहाय्य संस्थांना वाटतं. मदतीसाठी उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के आहे. १९९६ पासून या पैशावर चालणाऱ्या संस्थांना सामूहिक दावे लढवायला बंदी आहे, म्हणजे एकाच कंपनीने हजार लोकांना फसवलं असेल तर हजार वेगळे दावे. या कॉर्पोरेशनच्याच २०२२ च्या अहवालानुसार अल्प उत्पन्न गटातल्या लोकांच्या ९२ टक्के गंभीर दिवाणी अडचणींत त्यांना पुरेशी कायदेशीर मदत मिळत नाही, किंवा मुळीच मिळत नाही.

आता कर्जवसुलीचा दावा जवळून बघू. सगळे दोष त्यात एकत्र दिसतात.

बँक थकलेलं कार्ड-खातं बुडीत खात्यात टाकते आणि अशी हजारो खाती एकगठ्ठा विकते. विकत घेणाऱ्या कंपनीला बहुतेकदा मिळतो तो एक तक्ता : नाव, जुना पत्ता, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, बाकी रक्कम. मूळ करार, महिन्याची बिलं, व्याजाचा हिशेब हे सोबत येतंच असं नाही. तेच खातं पुढे आणखी एक-दोनदा विकलं जातं. मग वसुलीची लॉ फर्म एका ठरावीक मसुद्यावर नावं आणि रकमा बदलून दावे दाखल करते, दिवसाला शेकड्यांनी.

समन्स बजावायचं काम कोर्टाच्या बेलिफाकडे असेलच असं नाही. अनेक राज्यांत खासगी माणूस दर कागदामागे ठरलेल्या पैशांवर हे करतो. पत्ता जुना निघतो, कागद दाराशी टाकला जातो, कधी टाकलाही जात नाही, आणि ‘समक्ष बजावलं’ असं शपथपत्र मात्र दाखल होतं. याला तिथे ‘गटारातली बजावणी’ असंच म्हणतात.

समजा कागद हातात पडला. वादीचं नाव अनोळखी असतं, कारण कार्ड दिलेल्या बँकेचं नाव आत कुठेतरी बारीक अक्षरात. माणसाला वाटतं हा फसवणुकीचा प्रकार आहे. मिनेसोटासारख्या राज्यात दावा आधी बजावतात आणि कोर्टात नंतर दाखल करतात. तिथे कागदावर दाव्याचा क्रमांकच नसतो. प्रतिवादी कोर्टात फोन करतो, कारकून म्हणतो असा दावा आमच्याकडे नाही, माणूस निश्चिंत होतो आणि त्याची मुदत चालूच राहते. २०१३ पासून तिथे बजावणीनंतर वर्षभरात दावा दाखल करायचं बंधन आलं. त्याआधी तेही नव्हतं.

मुदत संपली की वादी एकतर्फी हुकूमनाम्याचा अर्ज करतो. ठरावीक रकमेच्या दाव्यात अनेक ठिकाणी न्यायाधीशापुढे कागद जायचीही गरज नसते, कारकून सही करतो. त्यानंतर पगारातून कपात. केंद्रीय कायद्याची कमाल मर्यादा हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के, किंवा आठवड्याच्या पगारातली तासाच्या किमान वेतनाच्या तीसपटीहून वरची रक्कम, यांतली जी कमी असेल ती. प्यू या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार कर्जवसुलीचे दावे १९९३ मधल्या १७ लाखांवरून २०१३ पर्यंत सुमारे ४० लाखांवर गेले. प्रतिवादींतल्या दहा टक्क्यांहून कमी लोकांना वकील होता. आणि जिथली आकडेवारी मिळाली तिथे सत्तर टक्क्यांहून अधिक दावे एकतर्फी निकाली निघाले.

या साखळीत अमुक कडी तोडली तर काय होतं, हे न्यू यॉर्कच्या २०२१ च्या ग्राहक-कर्ज कायद्यात दिसतं. कोणतीही सुधारणा कशी रचावी याचा मी पाहिलेला हा सर्वांत चांगला नमुना. कराराचा दावा दाखल करायला तिथे सहा वर्षांची मुदत होती, ग्राहक-कर्जाला ती तीन केली. आणि मुदत उलटल्यावर थोडे पैसे भरले तरी ती पुन्हा जिवंत होत नाही. दाव्यातच मूळ धनको कोण, खातं कोणाकडून कोणाकडे कधी गेलं, मुद्दल किती आणि व्याज किती, हे लिहावं लागतं. सगळ्यांत महत्त्वाची तरतूद टपालाची आहे. समन्स बजावल्याचा पुरावा दाखल करताना वादीने प्रतिवादीचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट कोर्टाला द्यायचं, आणि ते कोर्टाचा कारकून टाकतो. पाकिटावर पाठवणारा म्हणून कोर्टाचा पत्ता. ते टाकल्यापासून वीस दिवस होईपर्यंत एकतर्फी हुकूमनामा नाही. पाकीट परत आलं, तर वादीला तोच पत्ता वाहन परवाना खात्याच्या नोंदीशी जुळवून दाखवावा लागतो. नाही जुळला तर हुकूमनामाच नाही. खर्च एका तिकिटाचा. यात प्रतिवादीला काही करावं लागत नाही, काही माहीत असावं लागत नाही. २०२२ पासून ग्राहक-कर्जाच्या हुकूमनाम्यावरचं व्याजही तिथे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं.

याच जातीचे आणखी बदल आहेत. मेरीलँडने २०१२ मध्ये नियम केला की खरेदी केलेल्या कर्जाच्या दाव्यात खरेदीची साखळी आणि कर्जाचा पुरावा सुरुवातीलाच जोडायचा. कॅलिफोर्नियात घर खाली करून मागण्याच्या दाव्यात भाडेकरूला कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरासाठी, कोर्टाच्या कामाचे फक्त पाच दिवस होते. १ जानेवारी २०२५ पासून ते दहा झाले. कैफियतीचा छापील नमुना तिथे आहे, यूडी-१०५. चौकटीत खुणा करायच्या. फी परवडत नसेल तर माफीचा एफडब्ल्यू-००१. नमुना असूनही पाच दिवसांत तो शोधणं, भरणं आणि दाखल करणं लोकांना जमत नव्हतं. बहुतेक ठिकाणी आधी नमुने बनवले गेले आणि मुदतीकडे दुर्लक्ष झालं. दोन्ही एकत्र बदलले तरच कैफियती वाढतात.

राज्यांच्या मुख्य न्यायाधीशांच्या परिषदेने २०१६ मध्ये दिवाणी न्यायासाठी तेरा शिफारशी मान्य केल्या. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : दाव्याची गती आणि शिस्त ही पक्षकारांची नव्हे, कोर्टाची जबाबदारी आहे. साधे, मध्यम आणि गुंतागुंतीचे दावे सुरुवातीलाच वेगळे करायचे, कर्मचाऱ्यांना नेहमीची कामं शिकवायची, आणि हुकूमनाम्याआधी बजावणी आणि पुरावा कोर्टाने स्वतः तपासायचा. शेवटची शिफारस कागदावर सगळ्यांना पटते, पण अमलात आणताना घोडं अडतं, कारण दिवसाला तीनशे फायली असलेल्या टेबलावर तपासणी म्हणजे रकान्यांत खुणा करणं होऊन बसतं. तपासणीची यादी आठ-दहा ओळींची हवी, आणि त्यातली एक ओळ जरी कोरी असेल तर फाइल परत, एवढा अधिकार कारकुनाला लेखी हवा.

कारकुनाचा विषय निघालाच आहे म्हणून. ‘आम्ही कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही’ ही पाटी अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कोर्टाच्या खिडकीवर दिसते. माहिती आणि सल्ला यांतला फरक नीट न शिकवल्यामुळे कर्मचारी भीतीपोटी माहितीही देत नाहीत. ‘कैफियत कोणत्या तारखेपर्यंत दाखल करायची’ ही माहिती. ‘कैफियतीत काय लिहू’ हा सल्ला. ‘या दाव्यात लोक साधारण कोणते बचाव घेतात, ते या पत्रकात आहेत’ ही पुन्हा माहिती. असा उदाहरणांचा तक्ता खिडकीच्या आतल्या बाजूला लावला की बराच फरक पडतो.

मोठ्या रकमेच्या दाव्यांत खर्चाचं मूळ वेगळं आहे : सुनावणीआधी एकमेकांकडून कागद आणि जबान्या मागण्याची पायरी, तिथली डिस्कव्हरी. यूटाने नोव्हेंबर २०११ पासून तिला रकमेप्रमाणे कुंपण घातलं. ५०,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यात प्रत्येक बाजूला तोंडी जबान्यांसाठी एकूण तीन तास, कागदपत्रांच्या पाच मागण्या, कबुलीच्या पाच मागण्या, लेखी प्रश्नावली शून्य आणि सगळं १२० दिवसांत. तीन लाखांपर्यंत पंधरा तास, कागदपत्रं, कबुली आणि लेखी प्रश्न प्रत्येकी दहा, आणि १८० दिवस. जास्त हवं असेल तर कारण दाखवून मागायचं. हे चांगलं काम आहे. केंद्रीय कोर्टांनीही १ डिसेंबर २०१५ पासून मागणी दाव्याच्या किमतीला साजेशी असावी हे तत्त्व नियमात वर आणलं. फक्त याचा लाभ जिथे दोन्हीकडे वकील आहेत तिथेच होतो, हे विसरू नये.

आता सनदेचा प्रश्न. कोणी ‘वकिली’ करायची हे बहुतेक राज्यांत तिथलं सर्वोच्च न्यायालय ठरवतं, आणि सनदेविना सल्ला देणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. बिगर-वकिलाला फर्मची मालकी किंवा फीत वाटा नाही, हा अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमांतला ५.४ हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे. गंमत अशी की केंद्र सरकारच्या कार्यालयांत बिगर-वकील दशकानुदशकं काम करत आहेत. पेटंट एजंट, करखात्यापुढचे नोंदणीकृत एजंट, सोशल सिक्युरिटीच्या सुनावण्यांतले प्रतिनिधी, इमिग्रेशन प्रकरणांत न्याय खात्याने मान्यता दिलेले स्वयंसेवी संस्थांतले प्रतिनिधी. पेटंट एजंटांना राज्याचा सनदेचा नियम अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलं. तेव्हा बिगर-वकिलाला हे झेपेल का, हा प्रश्न जुना आणि बराचसा सुटलेला आहे. खरा प्रश्न प्रशिक्षण किती आणि देखरेख कोणाची, हा.

याच प्रश्नावर वॉशिंग्टन राज्य आणि अलास्का यांची तुलना शिकण्यासारखी आहे.

वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये देशातला पहिला मर्यादित परवाना निर्माण केला, फक्त कौटुंबिक कायद्यासाठी. अटी अशा : निदान दोन वर्षांची पदवी, कायद्याच्या मूलभूत विषयांचे ४५ क्रेडिट, वर कौटुंबिक कायद्याचे खास वर्ग, परीक्षा आणि वकिलाच्या देखरेखीखाली ३,००० तास काम, म्हणजे पूर्णवेळ जवळजवळ दीड वर्ष. एवढं करून सुरुवातीला त्या व्यक्तीला कोर्टात बोलता येत नव्हतं, समोरच्या पक्षाशी वाटाघाटी करता येत नव्हत्या. पहिले परवाने २०१५ मध्ये निघाले. २०२० मध्ये कोर्टाने योजना गुंडाळायचं ठरवलं. खर्च जास्त आणि इच्छुक कमी, हे कारण दिलं. त्या वेळी चालू परवाने पन्नासाच्याही आत होते. यातून काहींनी ‘लोकांना हे नकोच होतं’ असा निष्कर्ष काढला. मला तो साफ चुकीचा वाटतो. वकिलाच्या निम्म्या वाटेइतकं शिक्षण मागायचं आणि कामाचा अधिकार जेमतेम द्यायचा, तर पोटापाण्याचा विचार करणारा माणूस त्या वाटेला जाणारच नाही. शिवाय परवानाधारकाने स्वतःचं दुकान थाटून फी घेऊनच जगायचं होतं, म्हणजे ५,२०० डॉलरचं गणित पुन्हा तिथेच.

अलास्कात अंतरं प्रचंड, कित्येक गावांना रस्ता नाही, विमानाने किंवा बोटीने जायचं. गावात वकील असण्याचा प्रश्नच येत नाही. पण तिथे गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्यसेवा देण्याची पद्धत अनेक वर्षांची आहे. आपल्या आशा सेविकांची आठवण व्हावी अशी. त्याच धर्तीवर अलास्का लीगल सर्व्हिसेस या संस्थेने ‘समुदाय न्याय कार्यकर्ते’ उभे केले, आणि २०२२ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम ४३.५ करून त्यांना सनदेतून सूट दिली. प्रशिक्षण एकेका कामाचं, छोटं आणि बहुतांश ऑनलाइन : अन्नमदतीचा अर्ज अडकला तर काय करायचं, एवढंच एक शिकायचं, की त्या कामाला लागायचं. जबाबदारी संस्थेची, फी शून्य. कार्यकर्ता आधीच त्या गावात दुसऱ्या कामावर असतो, त्यामुळे अडचणीतला माणूस कायद्याची मदत शोधत निघाला नाही तरी दोघांची गाठ पडते. वॉशिंग्टनच्या योजनेत हीच गोष्ट नव्हती.

डेलावेअरने २०२२ मध्ये भाडेकरूंसाठी विधी-सहाय्य संस्थांच्या देखरेखीखालचे प्रशिक्षित बिगर-वकील प्रतिनिधी मान्य केले. त्याआधी घरमालक आपला बिगर-वकील एजंट कोर्टात पाठवू शकत होता, भाडेकरूला मात्र वकीलच लागत होता. असा उघड असमतोल इतकी वर्षं टिकला, याचं वाईट वाटतं. ॲरिझोना, यूटा, ओरेगन, कोलोरॅडो यांनीही मर्यादित परवाने सुरू केले; ॲरिझोनात परवानाधारक कोर्टात उभा राहून बोलू शकतो आणि हे योग्य आहे. न्यू यॉर्कमध्ये एका स्वयंसेवी संस्थेने पाद्री आणि समाजसेवकांकडून कर्जाच्या दाव्याच्या एकपानी कैफियतीबद्दल मोफत सल्ला देण्याची योजना आखली आणि सनदेचा नियम आड येऊ नये म्हणून केंद्रीय कोर्टात दावा केला. २०२२ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द करून कमी कडक कसोटीवर फेरविचारासाठी प्रकरण परत पाठवलं.

बाहेरच्यांना लॉ फर्मची मालकी देण्याच्या प्रयोगाबद्दल थोडक्यात. यूटाने ऑगस्ट २०२० मध्ये देखरेखीखालचं, नेहमीचे नियम शिथिल केलेलं प्रयोगक्षेत्र उघडलं. धोक्याच्या पातळीप्रमाणे अर्जदारांची वर्गवारी आणि नियमित आकडेवारी देण्याची सक्ती. आधी दोन वर्षांसाठी, मग सात वर्षांपर्यंत वाढवलं, आणि पुढे अटीही कडक केल्या. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२१ पासून नियम ५.४ सरळ काढून टाकला. बिगर-वकिलांची मालकी असलेल्या प्रत्येक संस्थेत राज्याची सनद असलेला, नियमपालनावर लक्ष ठेवणारा एक वकील ठेवणं बंधनकारक. आता अशा संस्था शंभराहून अधिक आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये केपीएमजी या बड्या लेखापरीक्षण कंपनीलाही मान्यता मिळाली. ज्या ग्राहक-आपत्तीची भीती घातली गेली ती आलेली नाही. पण या भांडवलाचा मोठा ओघ गेला तो अपघात-भरपाई आणि सामूहिक नुकसानीच्या दाव्यांकडे, जिथे बोलीच्या फीवर वकील आधीपासून मिळत होते. गुंतवणूकदार परतावा बघणार, आणि ५,२०० डॉलरच्या कर्जाच्या प्रतिवादीकडून परतावा नाही. मालकी खुली करायला माझा विरोध नाही. पण ती गरिबांच्या नावाने खुली केली असेल, तर परवान्याच्या अटीत अल्प रकमेच्या दाव्यांचा वाटा ठरवून द्यायला हवा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मात्र २०२२ मध्ये आपल्या स्टेट बारला, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेला, या दिशेने जायलाच अटकाव केला, आणि त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने आपला विरोध पुन्हा नोंदवला.

घर खाली करण्याच्या दाव्यात भाडेकरूला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क न्यू यॉर्क शहराने २०१७ मध्ये दिला, दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत. २०१३ मध्ये तिथल्या भाडेकरूंपैकी सुमारे एक टक्का लोकांनाच वकील होता; या योजनेत वकील मिळालेल्यांपैकी ८४ टक्के आपल्या घरात राहू शकले. २०२१ मध्ये वॉशिंग्टन, मेरीलँड आणि कनेक्टिकट ही राज्यं याच वाटेने गेली. बिघाड झाला तो वेळापत्रकात. घर खाली करण्याच्या दाव्यांवरची महासाथीतली स्थगिती जानेवारी २०२२ मध्ये उठली, दावे लोटले, संस्थांकडे तेवढे वकील नव्हते आणि कोर्ट तारखा देत राहिलं. कागदावर हक्क, पण बाकावर एकटा भाडेकरू. हा कायदा करताना ‘वकील नेमला जाईपर्यंत सुनावणी पुढे ढकलणं बंधनकारक’ हे कलम पहिलं घालावं.

अमेरिकेत ‘दिवाणी सुधारणा’ म्हटलं की अनेकांना भरपाईवरची मर्यादा आठवते. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय दाव्यांत वेदना-यातनांच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. ती २०२३ पर्यंत तशीच राहिली आणि महागाईने तिचं मोल दरवर्षी घटत गेलं. या वादात नेहमी मॅकडोनाल्ड्सविरुद्धचा १९९४ चा गरम कॉफीचा दावा सांगितला जातो. त्यात ७९ वर्षांच्या बाईंना त्वचारोपण करावं लागण्याइतकं भाजलं होतं, आणि ज्युरीने दिलेली २७ लाखांची दंडात्मक भरपाई न्यायाधीशाने ४ लाख ८० हजारांवर आणली होती, हे मात्र सांगितलं जात नाही. नुकसानभरपाईच्या सात टक्के दाव्यांसाठी इतकी शक्ती खर्ची पडली, हे चुकलंच. दुसरीकडे २०११ मध्ये मोबाइल फोनवरच्या ३० डॉलर २२ सेंट कराच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की करारातलं लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे न्यायचा) सामूहिक दाव्याची वाट बंद करू शकतं. ग्राहकांवर याचा परिणाम सगळ्या भरपाई-मर्यादांपेक्षा मोठा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने लैंगिक अत्याचार आणि छळाची प्रकरणं तेवढी यातून बाहेर काढली.

संगणकीय मदतीबाबत एवढंच : ‘रोबो-वकील’ म्हणून जाहिरात करणाऱ्या डूनॉटपे कंपनीवर केंद्रीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये कारवाई केली आणि १,९३,००० डॉलर भरायला लावले. मुदत आठवून देणं, नमुना भरून घेणं इथपर्यंत ही साधनं उपयोगी आहेत. निवाड्यांचे दाखले त्यांच्या भरवशावर कोर्टात देऊ नयेत.

आता नातेवाइकाचं समन्स. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियतीला ३० दिवस आणि कारण दाखवून ९० पर्यंत वाढ, आणि व्यवहारात आणखी ढील, याची सवय मनातून आधी काढावी. न्यू जर्सीच्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये, म्हणजे २०,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यांत, ३५ दिवस. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात १४. केंद्रीय कोर्टात २१. मुदत नेमकी कधीपासून मोजायची ते समन्सवरच लिहिलेलं असतं, ते आधी शोधावं.

दावा खरा आहे का, हे पत्रातल्या फोनवरून तपासू नये. काउंटी कोर्टाचा क्रमांक कोर्टाच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि दाव्याचा क्रमांक विचारावा. वसुली कंपनीशी फोनवर बोलणी चालू असली तरी कैफियतीची मुदत थांबत नाही; सर्वांत जास्त लोक इथे फसतात. ‘जरा शंभर डॉलर भरून टाका, मग बघू’ याला भुलू नये, कारण न्यू जर्सीत कराराच्या दाव्याची मुदत सहा वर्षं असून अंशतः भरणा केला तर ती नव्याने सुरू होऊ शकते.

कैफियतीचा छापील नमुना कोर्टाकडे मिळतो. त्यात जे लागू असेल तेच लिहावं : हे खातं माझं नाही, रक्कम चुकीची आहे, दावा मुदतबाह्य आहे, वादीने खातं विकत घेतल्याचा पुरावा द्यावा, समन्स नीट बजावलं गेलं नाही. खातं आपलं असेल तर ‘माझं नाही’ असं लिहू नये. ‘रक्कम आणि मालकी सिद्ध करा’ म्हणणं पुरेसं आणि खरं असतं. दाखल केल्याची पोच ठेवावी, आणि एक प्रत वादीच्या वकिलालाही पाठवावी. फी परवडत नसेल तर माफीचा अर्ज सोबतच द्यावा. पूर्ण प्रकरणासाठी वकील महाग वाटला तर फक्त कैफियत तपासण्यापुरता, ठरावीक फीवर वकील घेता येतो. अशी तुकड्यांतली सेवा नियमांना मान्य आहे.

हुकूमनामा आधीच झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. न्यू जर्सीत नियम ४:५० खाली ‘क्षम्य चूक’ हे कारण असेल तर वर्षाच्या आत, आणि त्यासोबत मूळ दाव्यात बचाव आहे हेही दाखवावं लागतं. समन्स बजावलंच गेलं नसेल तर वर्षाची अट नाही, पण कळल्यावर विलंब करू नये. त्या काळात आपण कुठे राहत होतो याचे कागद, म्हणजे भाडेकरार, वीजबिल, परवाना, जोडावे. पगारातून कपात सुरू झाली असेल तर तिथे साधारण मर्यादा दहा टक्के आहे, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीहून जास्त असेल तरच ती वाढू शकते. नोकरीच्या ठिकाणी पगारविभाग दुसऱ्या राज्यात असेल तर चुकून २५ टक्के कापले जाऊ शकतात. पगाराची पावती पहिल्याच महिन्यात तपासून हरकत कोर्टाकडे लेखी नोंदवावी.